बेसचा डबा कोपरा सोडत न्हाय

मी बेसचा डबा बोलतोय. बोलतोय म्हंजे घुमतोय. मला तोंड न्हाय, नुसतं पोट हाय. इंग्रजीत मला सबवूफर म्हनत्यात. त्यो शबुद मला सोताला नीट म्हनता येत न्हाय, मग तुमाला कशाला तरास देऊ? डबा म्हना. भवानी पेठेत जलमलेल्याला डबा म्हटलं म्हनून राग येत न्हाय.

पयलंच सांगून ठेवतो. मी हितनं हलनार न्हाय. जुळे सोलापुरातल्या मल्हारच्या घरात, टीव्हीच्या डाव्या अंगाचा ह्यो कोपरा माझा हाय. मला न्यायला येनार असाल तर खुशाल या. आधी माझ्यावर बसलेल्या धुळा म्हाताऱ्याला उठवा, मग मला हात लावा. आजून कुनाला जमलेलं न्हाय.

मला केलं मडिवाळप्पानं. भवानी पेठेच्या एका बोळात त्याचं दुकान. पुढं रेडू-टेप दुरुस्ती, मागं सुतारकाम, आन मदी बसून मडिवाळप्पा दोन्हीकडं शिव्या घालायचा. पुढच्याला मराठीत, मागच्याला कन्नडात. जाड प्लायवूड कापला, स्क्रू मारलं, वरनं काळं रेक्झिन चिकटवलं, कोपऱ्याला पत्र्याच्या टोप्या ठोकल्या. पुढनं परातीयेवढा स्पीकर बसवला आन पाठीत आवाज वाढवायची मशीन. मला उचलायचं म्हंजे दोन मानसं लागायची, आन तिसरा "सावकाश, सावकाश" म्हनायला.

माझं गिऱ्हाईक हुतं मोहोळचा शिवू, हायवेवरचा चहावाला. त्यो आला, माझ्याभवती फिरला, परत फिरला, वाकून बघितलं.

"मडिवाळप्पा, भोक कुटं हाय?"

आता हे तुमाला सांगाय पायजे. बेसच्या डब्याला बहुतेक एक भोक असतं. आतली हवा त्यातनं फुस्सकन भायेर येती, त्यानं आवाज मोठा हुतो आन लांबतो. मडिवाळप्पा भोक पाडायचं साफ इसरला हुता. डिंक वाळला, रेक्झिन बसलं, सगळं झालं. पन चूक कबूल करील तर त्यो मडिवाळप्पा कसला!

"भोक आत हाय," म्हनला.

"आत? आत कशाला?"

"भायेर ठेवलं की उंदीर शिरतोय. यप्पा, तुझं हॉटेल हाय का न्हाय? हॉटेलात उंदीर हायत का न्हायत?"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. माझ्या हॉटेलात उंदीर हायत आसं शिवू कसा म्हननार? न्हायत म्हटलं आसतं तरी कोन खरं मानत हुतं? गप मला टेम्पोत घातलं आन घेऊन गेला.

तवापास्नं मी बंद डबा. थाप आली की एक दनका द्यायचा आन गप बसायचं. लांबवायचं न्हाय, घोळवायचं न्हाय. माझ्या पोटात काय हाय ते माझ्याच पोटात ऱ्हातंय.

मोहोळला मजा हुती बघा. गानं जोरात लागलं की टेबलावरच्या बशा सरकत सरकत कडंला यायच्या, आन मी बघायचो, आज कुनाची पडती. एखादा ट्रकवाला चहाचा घोट घेता घेता मदीच उठायचा. आपलं इंजिन चालूच ऱ्हायलंय आसं त्याला वाटायचं. जाऊन बघायचा तर इंजिन गप. परत येऊन बसला की मी परत घुर्र करायचो. त्यो परत उठायचा. शिवूला वाटायचं, ह्याला चहा आवडला न्हाय.

मग हायवे मोठा झाला, वरनं पूल गेला आन खालचं हॉटेल बसलं. त्याच वेळी मल्हार तितं चहाला थांबला हुता. मल्हारचं भवानी पेठेत घोंगड्याचं आन चादरीचं दुकान. शिवू सामान आवरत हुता, त्यानं मल्हारला म्हटलं, "ह्यो डबा घेऊन जावा. लई गुनी हाय." गुनी! बशांचा हिशोब त्यानं सांगितला न्हाय, मीबी सांगितला न्हाय.

असा मी ह्या घरात आलो. घरात मल्हार, त्याची बायको पूनम, आन मल्हारचं आईबाप, फुलाबाई आन धुळा. पूनम दवाखान्यात एक्स-रे काढती. मानसाच्या आतलं बघायची तिला सवय. आन म्हातारा-म्हातारी मूळची वळसंगची. जलमभर मेंढरं वळली. गुडघं बोलायला लागलं तवा मेंढरं भावकीत दिली आन ल्योकाकडं आली.

धुळाची वळसंगात वळख निराळी हुती. बिरोबाच्या जत्रंत गजी ढोल वाजवायचा त्यो. ढोल गळ्यात आडकवला की बाकीचं फेर धरायचं, हातातलं रुमाल उडवायचं, आन धुळाची थाप पडली की धुरळा उठायचा. हे मी बघितलेलं न्हाय. पन वाजवलंय. जत्रंची शूटिंग मल्हारनं पेनड्राईव्हवर घालून आनली हुती. एका लहान्या टेपला ती काडी लावायची, टेपची वायर मला, आन धुळानं रोज सकाळी च्या झाला की माझ्यावर येऊन बसायचं. वरनं फुलाबाईनं घोंगडं दुमडून टाकलं, तेवढी माझी गादी.

आता म्हाताऱ्याची खोड सांगतो. आमचं जमलं ते त्या खोडीमुळंच. त्याला पायजे तेवढंच ऐकू यायचं.

"आवं, दळन आना की," फुलाबाई आतनं वरडायची.

म्हातारा भिंतीकडं बघत बसायचा.

"आवं, ऐकू येतंय का? दळन!"

म्हातारा डोळं मिटायचा. मग फुलाबाई हळू, लई हळू, सोताशीच म्हनल्यागत म्हनायची, "भजी झाल्यात बाई."

"आलो की!"

सगळं घर हसायचं. मल्हार म्हनायचा, आप्पाचं कान भज्याच्या तेलात तळल्यात. वरीसभर हा खेळ चालला.

मग एक दिस फुलाबाईनं भजी केली, हाक मारली, आन म्हातारा आला न्हाय. माझ्यावरच बसून ऱ्हायला. ढोल चालला हुता. तिनं परत हाक मारली. भजी गार झाली. ती ताट घेऊन भायेर आली आन पुढ्यात आदळली, "रुसलाय व्हय? कशाचा राग आलाय?" धुळानं ताटाकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. मला वरनं सगळं कळत हुतं, त्याच्या मांड्या आवळल्या.

"पोट बिघडलंय," म्हनला.

पोट न्हवतं बिघडलं. कान गेलं हुतं. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी गेली, मग फुलाबाईचा आवाज गेला. पन हे कुनाला सांगनार? जलमभर बहिरं व्हायचं सोंग केलेल्यानं खरंच बहिरा झालो म्हटलं, तर कोन खरं मानील? हसतीलच की. आन धुळा म्हंजे हसवनारा मानूस, हसं करून घेनारा न्हाय. सोंग चालू ठेवलं. फकस्त आता त्या सोंगाच्या आत खरं बसलं हुतं.

पन ढोल त्याचा न्हाय गेला. ढोल कानानंच ऐकायचा आसं कोन म्हनतं? तितं पेनड्राईव्हवर थाप पडायची, हितं माझं पोट हलायचं, आन ती थाप घोंगड्यातनं त्याच्या मांडीला, मांडीतनं कण्याला चढायची. डोळं मिटून बसायचा आन बोटं गुडघ्यावर चालायची. बरोब्बर थापंवर थाप. सोताचाच ढोल, सोताच वाजवायचा. जगातलं तेवढंच एक त्याला येत हुतं, आन ते माझ्यातनं येत हुतं. बाकी मी लई चेष्टा केल्या, पन त्या येळंला कदी केली न्हाय.

आसं सगळं बरं चाललं हुतं, आन मल्हारच्या डोक्यात होम थेटर शिरलं.

मोठा टीव्ही आधीच आला हुता. आवाज मातर त्याचा मच्छरासारखा. मल्हार म्हनला, "पिक्चरमदी इमारत पडली की आपली भिंत हलली पायजे."

"भिंतीला आधीच चीर हाय," पूनम म्हनली. "हलवायची कशाला? मला गान्याला पायजे. तबला तबल्यावानी वाजला पायजे. आता तर उशीवर मारल्यावानी येतोय."

"पिक्चर आठवड्याला दोन बघतो आपन."

"आन गानी रोज ऐकती मी. सयपाक कोन करतंय पिक्चर बघत?"

चार दिस ह्यो घोळ चालला. कुटलाबी एकच डबा घ्यायचा, पिक्चरलाबी चालला पायजे आन गान्यालाबी. शेवटी दुकानातनं शिवयोगी आला. गळ्यात दुकानाचं कार्ड, कमरंला टेप, बोलनं लोण्यासारखं. त्यानं दोन नवं डबं आनलं. एक भोकाचा, एक बंद.

"काका, हा भोकाचा पिक्चरला एक नंबर," शिवयोगी म्हनला. "वहिनी, हा बंद गाण्याला एक नंबर. थाप पडली की थांबतो."

"आन दोन्हीला एकच पायजे असंल तर?" मल्हारनं इचारलं.

"तर आधी नवरा-बायकोचं एक मत पाहिजे."

ह्यो मानूस मला आवडला आसता. पन त्याचा डोळा सारखा माझ्याकडं जात हुता. डोळा कसला, टेप लावून मोजत हुता.

मग त्यानं एक उद्योग काढला, त्यो मी मरंपतूर इसरनार न्हाय. भोकाचा डबा उचलला आन सोफ्यावर नेऊन बसवला. म्हनला, "जिथं आपण बसून ऐकणार, तिथं डबा ठेवायचा. आणि आपण खाली रांगत फिरायचं. जिथं आवाज गोड लागेल, ती डब्याची जागा. मोठ्या शहरात असंच करतात."

"रांगायचं?" पूनम म्हनली.

"हातापायावर. कान खाली पाहिजे, डबा खालीच राहणार ना."

गानं लागलं. मल्हार रांगाय लागला. पूनमनं पदर खोचला आन तीबी. फुलाबाईला वाटलं ही काय तरी देवाची रीत असंल, तिनं गुडघ्याला हात लावत लावत सोताला खाली सोडलं. शिवयोगी सगळ्यांच्या पुढं. आन माझ्यावर बसलेल्या धुळाला ह्यातला एक शबुद ऐकू आला न्हवता. त्याला दिसलं येवढंच, की मशीन सोफ्यावर बसलीया आन सगळं घर जमिनीवर रांगतंय.

आधी त्याचं पोट हाललं. मग मीबी हाललो. कोपऱ्यातली काठी घेतली त्यानं.

"हुर्रर्र! ए हाल्या! आरं त्यो नर बघा कुटं चाललाय, दाराकडं! वळवा त्याला!"

"आप्पा, गप बसा," मल्हार खालनं म्हनला.

"आन ती म्हातारी मेंढी कपाटाखाली घुसतीया! आडकंल! हुर्रर्र!"

"मेंढी कुनाला म्हनताय?" फुलाबाई कपाटाखालनं म्हनली. "भायेर येऊ द्या मला, शिंगं दावते."

पूनम हसून हसून जमिनीवरच बसली. पन निकाल काय लागला ऐका. मल्हारला आवाज सयपाकघराच्या दारात गोड लागला, पूनमला खिडकीखाली, फुलाबाईला देव्हाऱ्यापशी. आन शिवयोगी रांगत रांगत सरळ माझ्याकडं आला, धुळाच्या पायापशी थांबला आन म्हनला, "हा कोपरा. भारी आवाज ह्या कोपऱ्यात. नवा इथंच बसणार. आजोबा, जरा उठता?"

धुळा त्याच्याकडं बघून हसला. उठला न्हाय.

"ऐकू येतंय त्यांना," मल्हार म्हनला. "सोंग करत्यात."

डबा कुटला, ह्याच्यावर परत वाद झाला. पूनमनं बंद डबा लावून गानं ऐकलं, तिला तोच पायजे हुता. मल्हारनं भोकाच्या डब्यावर इमारत पाडून बघितली, खिडकीची काच वाजली, त्यो लहान्या पोरावानी टाळ्या पिटाय लागला. पूनमनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आन म्हनली, "घे बाबा. तुझी इमारत पडू दे." आसा भोकाचा डबा घरात ऱ्हायला. शिवयोगी जाताना म्हनला, "रविवारी येऊन कोपऱ्यात बसवून देतो. आणि जुना घेऊन जातो. जुना द्या, नवा घ्या, असं चालूच आहे आमच्यात."

जुना म्हंजे मी. घेऊन जातो म्हंजे भंगारात. एवढं मराठी मला कळतंय.

धुळाला बोलनं ऐकू आलं न्हाय, पन शिवयोगीचं बोट माझ्याकडं वळलेलं दिसलं. सांजचं पूनमनं त्याची पेनड्राईव्हची काडी नव्याला लावून दिली. प्रेमानंच दिली, "मामा, बघा तुमचा ढोल ह्याच्यात कसा वाजतोय." धुळा गेला आन नव्यावर बसाय लागला.

"आप्पा! फुटंल!" मल्हार धावला. "त्याच्यावर बसत न्हाईत!"

मग म्हाताऱ्यानं नुसता हात ठेवला. लई येळ ठेवला. नव्याचा आवाज मोठा हुता, खोटं कशाला बोलू. पन थाप पडायची आन पसरायची, तवर दुसरी यायची, आन दोन्ही मिसळून नुसती थरथर. धुळाची बोटं उचलायची आन थांबायची, कुटं टेकावं कळंना.

"ह्यो ढोल न्हाय," म्हनला. "ह्यो पोट बिघडलेला रेडा हाय."

सगळी हसली. त्यो हसत हसतच माघारी आला, माझ्यावर बसला. माझी मशीन बंद हुती. त्यानं माझ्या रेक्झिनवरनं हात फिरवला, मेंढराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. रविवारला मी जानार, आन माझ्यासंगं ह्या मानसाचा शेवटचा आवाज जानार, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक हुतं. एकाला तोंड न्हवतं आन दुसऱ्याला सांगायचं न्हवतं.

पन बिरोबाला काळजी.

नवी वस्तू घरात आली की फुलाबाई त्याच्यावर बिरोबाचा भंडारा उधळती. फ्रिजवर उधळला, गाडीवर उधळला, मल्हारच्या दुकानाच्या शटरवर उधळला. शनवारी दुपारी घरात कोन न्हवतं, धुळा लवंडला हुता. ती भंडाऱ्याची पिशवी घेऊन नव्याम्होरं बसली. एक चिमूट वर टाकली, दिवा ववाळला, आन मग तिला ते भोक दिसलं.

"आगं बया, ह्याला तोंड हाय की! त्या आमच्या डब्याला बिचाऱ्याला न्हवतं." आन तिनं मूठभर भंडारा त्या तोंडात घातला. "खा रं बाबा. देवाचं हाय."

मुठीनं पोट भरत न्हाय आसं तिला वाटलं असावं. दुसरी घातली. तिसरी घातली. शेवटाला पिशवीच उलटी केली आन झटकली.

मी समोरच हुतो. एक शबुद बोललो न्हाय. मशीन बंद हुती म्हनून न्हवं. चालू असती तरी बोललो नसतो.

सांजच्याला पिक्चर. शेजारची काशम्मा आली, कडक इस्तरीची साडी नेसून. तिचा नवरा आला, पांढराधोट शर्ट घालून. मल्हारनं दोघांना भोकाच्या बरोब्बर समोर बसवलं, मानाची जागा म्हनून. पिक्चरची पयली बोलाचाली झाली, पडद्यावर एक मोठी इमारत आली, आन मल्हार उठून उभा ऱ्हायला.

"आता भिंतीकडं बघा!"

इमारत पडली. भिंतीकडं कुनी बघितलंच न्हाय. नव्याच्या तोंडातनं फुस्स झालं आन पिवळा लोट निघाला, घराच्या आढ्याला टेकला आन खाली पसरला. काशम्माची साडी पिवळी, तिच्या नवऱ्याचा शर्ट पिवळा, त्याचं टक्कल पिवळं, सोफा पिवळा. पडद्यावर दुसरी इमारत पडली, परत फुस्स!

"अय्यय्यो!" काशम्मा.

"वीज बंद कर, जळतंय काय तरी!" मल्हार खोकत हुता.

फुलाबाईनं हात जोडलं. "आला! बिरोबा आला घरात!"

धुळाला पिक्चरचा आवाज येत न्हवता, इमारत-बिमारत काय त्याच्या ध्यानात न्हवतं. त्याला दिसला उधळलेला भंडारा, डोक्यावर, खांद्यावर, सगळीकडं पिवळंच पिवळं, जत्रंवानी. माझ्यावर उभा ऱ्हायला त्यो, गुडघं बिडघं इसरून, आन छाती फाडून वरडला, "बिरोबाच्या नावानं!"

"चांगभलं!" काशम्माचा नवरा म्हनून गेला. सवय असती हो, तोंड आपसूक उघडतं. त्याच्या तोंडातबी भंडारा गेला.

नव्याचा घसा मातर बसला. त्याच्यातनं नुसतं खर्र खर्र यायला लागलं.

रविवारी शिवयोगी टेम्पो घेऊन आला. नव्याची पाठ उघडली, आत बघितलं, मान वर केली.

"काका, ह्याच्या आत हळद कुणी घातली?"

"हळद न्हाय, भंडारा हाय," फुलाबाई म्हनली. "नीट बोला."

"आजी, वॉरंटीत भंडारा बसत नाही."

"देव कशातबी बसतो."

शिवयोगीनं हात जोडलं. बिचारा म्हनला, साफ करून आनून देतो, माझ्या खात्यावर. तेवढ्यासाठी आलोच हाय तर जुनाबी घेऊन जातो, ठरल्यापरमानं. आन त्यो माझ्याकडं वळला.

माझ्यावर धुळा. पाय फाकवून, दोन्ही हात रेक्झिनवर. काडी परत टेपला लावून, ढोल चालू ठेवून सकाळपास्नं तसाच बसला हुता, च्याबी हितंच मागितला.

"आजोबा, उठा."

न्हाय.

"आप्पा, उठा की," मल्हार म्हनला. "लोकं खोळंबल्यात."

न्हाय.

"आप्पा, पुरं झालं आता सोंग!" मल्हारचा आवाज चढला. "ऐकू येतंय तुमाला. लोकांम्होरं लाज काढायली. एक भंगार डबा त्यो, त्यासाठी येवढा हट्ट?"

भंगार! माझ्या पोटात काय झालं ते मलाच ठाऊक. शिवयोगी वाकला, हळूच माझ्यामागं हात घातला आन वायर उपसली. माझी मशीन गार.

"आता वाजतच नाही, आजोबा. आता काय बसायचं त्याच्यावर?"

ढोल मदनंच तुटला तशी धुळाची बोटं थांबली. खाली बघितलं त्यानं. वायर बघितली, शिवयोगीच्या हातात लोंबकळनारी. नुसता हात उचलला, आन माझ्या अंगावर थाप मारली.

धूम.

शिवयोगी मागं सरला. वायर तर त्याच्या हातात हुती.

मडिवाळप्पा इसरला हुता ना भोक पाडायचं? जाड प्लायवूड, चारी बाजूनं बंद, वर ताणलेलं रेक्झिन, पुढनं स्पीकरचा परातीयेवढा पडदा. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं थाप मारली, डाव्यानं बोटं चालवली, आन मी घुमलो. वीज न्हाय, वायर न्हाय, पेनड्राईव्ह न्हाय. त्यानं चाल धरली, जत्रंतली. खिडकी वाजली. भिंतीवरचा राहिलेला भंडारा भुरुभुरू खाली पडाय लागला. मल्हारला भिंत हलवून पायजे हुती ना? घे म्हटलं.

मल्हार रागात, फुलाबाई डोळं पुशीत. पूनम मातर निराळंच बघत हुती. ती हळूच भिंतीकडनं म्हाताऱ्याच्या मागं आली. थाप थांबली तशी म्हनली, "मामा."

म्हातारा हालला न्हाय.

"मामा, घराला आग लागलीया," ती मोठ्यानं म्हनली, त्याच्या मानंपशी.

मल्हार दचकला, शिवयोगी दचकला. म्हातारा सरळ पुढं बघत हुता.

मग पूनमनं वाकून, माझ्या मागच्या अंगाला, बोटानं टकटक केलं. हळू, दारावर करावं तसं.

धुळा गरकन मागं वळला. "काय गं पोरी?"

एक्स-रे निघाला. मल्हार पुढं आला, बापाच्या पुढ्यात खाली बसला, तोंड दिसंल आसा. आन सावकाश इचारलं, "आप्पा, कवापास्नं?"

म्हाताऱ्यानं त्याच्या ओठाकडं बघितलं. मग फुलाबाईकडं.

"भज्यांपास्नं," म्हनला.

फुलाबाईनं तोंडावर पदर दाबला. "आन मी रुसलाय म्हनले तुमाला. ताट आदळलं मी."

"आदळलेलंबी ऐकू आलं न्हाय," धुळा म्हनला. "नुसतं हाललं."

मल्हारनं डोकं माझ्या रेक्झिनला टेकवलं, बापाच्या गुडघ्यापशी. त्याचं पानी माझ्यावर पडलं. पुसायला मला हात न्हाय, पुसलंबी नसतं.

वायर परत लावली शिवयोगीनंच. पूनमनं त्याला सांगितलं, "नवा साफ करून आना आन सोफ्यामागं ठेवा, पिक्चरपुरता. गानी आमी ह्या डब्यावर ऐकनार. बंदच पायजे हुता मला. घरातच हुता की." शिवयोगी म्हनला, "पण वहिनी, आवाजाला कोपराच..." पूनमनं नुसतं बघितलं त्याच्याकडं. त्यो म्हनला, सोफ्यामागंबी बरा वाजतो.

कानात घालायची मशीन आननार हायत म्हाताऱ्याला. धुळा म्हनतोय, "आना. पन मी मशीनवर बसनारा मानूस हाय, मशीन माझ्यात बसवू नका." बघू कोन जिकतंय.

फुलाबाईनं मातर तिची येवस्था लावून घेतली. म्हाताऱ्याला हाक मारायची तर आता ती भायेर येती आन माझ्या कडंला हातानं ठोकती. एक थाप म्हंजे दळन. दोन थापा म्हंजे भजी. कालच एक थाप मारली तिनं. मला लागली, म्हंजे त्यालाबी लागली, त्याची मांडी हालली, मी साक्षीला हाय. आन म्हातारा डोळं मिटून बसला, भिंतीकडं तोंड करून.

मीबी घुमलो न्हाय. दुसरी थाप पडंपतूर आमी दोघंबी बहिरं.

तर आसा मी. कोपरा माझा, वरचा म्हातारा माझा. माझ्या पोटात काय हाय ते माझ्याच पोटात ऱ्हातंय, फकस्त धुळाला कळतंय. न्यायचं असंल तर या की. टेम्पो आना, दोन मानसं आना, आन "सावकाश" म्हनायला तिसरा आना. आमी हितंच बसलोय.